शब्द पुसून सांग

“बरं, ते राहू दे. ‘समारोप’ तरी आठवतो का, बुवा?”

कोंडाजीबुवांनी मान हलवली. नाही.

“‘दाखला’?”

नाही.

“‘मुद्दा’ तरी?”

बुवा ओशाळून हसले. समोरच्या पाहुण्याला आपण नाराज करतोय एवढं त्यांना कळत होतं, आणि बहुतेक तेवढंच कळत होतं.

दिगंबर ढवळेनं मांडीवरचे कागद खाली ठेवले. हे सगळे शब्द त्याला याच मठात, याच माणसानं शिकवले होते. आज तोच एकेक शब्द परत मागत होता आणि बुवांचे हात रिकामे होते.

कासारखिंडीच्या या मठात पूर्वी आसपासच्या वाड्यांवरची पोरं शिकायला राहत. सकाळी आरती आणि झाडलोट, दुपारी निबंध. मठात निबंध कशाला शिकवता, असं लोक बुवांना विचारत. बुवा म्हणत, बैल नांगराला कसा जुंपतात हे ज्याला धड सांगता येत नाही, त्यानं देवाबद्दल तोंड उघडू नये. म्हणून त्यांच्याकडे निबंध एकाच जातीचा, माहितीचा. एखादी गोष्ट काय असते, कशी करतात, कशामुळे होते, ते समोरच्याला कळेल असं लिहायचं. ‘मी पक्षी झालो तर’ वगैरे प्रकार मठात चालत नसत. पक्षी झालास तर उडून जाशील बाबा, लिहायला थांबशील कशाला, असं म्हणून बुवा विषय संपवत.

शिकवायची त्यांची एक रीत होती. फळ्यावर एक शब्द लिहायचा. ‘मुद्दा’ म्हणा, ‘तपशील’ म्हणा. पोरांनी त्याचा अर्थ घोकायचा. मग बुवा उठून ओल्या फडक्यानं तो शब्द पुसून टाकत आणि कुणाकडे तरी बोट दाखवत.

“शब्द पुसला. आता सांग.”

म्हणजे तो शब्द न उच्चारता ती गोष्ट सांगायची. शब्द तोंडातून निसटला की खाली बसायचं. पोरांची बोबडी वळायची, आणि दिगंबरची सगळ्यांत जास्त. त्याला शब्द फार आवडायचे. व्याख्या पाठ झाली की त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं, आणि बुवा नेमकं तेच ताट ओढून घ्यायचे.

पुढं तो शिकला, साताऱ्यात प्राध्यापक झाला. निबंधाच्या संज्ञांवर त्यानं पहिलं पुस्तक काढलं आणि मोठ्या तोऱ्यात मठात आणून दिलं. बुवांनी ते सावकाश चाळलं, मिटलं, आणि म्हणाले, “यात शब्दच आहेत रे, दिगंबर.”

झालं. एवढंच बोलले ते. पण दिगंबरच्या ते असं वर्मी लागलं, की त्यानंतर त्यानं मठाची पायरी चढली नाही. दिवाळी आली, गुरुपौर्णिमा आली, कितीक वर्षं गेली. आपण मानी आहोत असं त्याला वाटायचं. खरं तर तो नुसता रुसला होता, आणि रुसलेल्या माणसाला वाटतं की समोरचा तसाच, तिथंच थांबलेला आहे.

आता दुसरं पुस्तक छापायला गेलं होतं, ‘निबंधाची परिभाषा’. त्याला बुवांची प्रस्तावना हवी, असं त्यानं मनाशी ठरवलं. दोन ओळीही चालल्या असत्या. खालच्या गावात एसटीतून उतरला, तेव्हा चहावाल्यानं सांगितलं की बुवांनी मौन धरलंय, लांबून लांबून माणसं पाया पडायला येतात. दिगंबरला बरंच वाटलं. मौन तर मौन, लिहून तरी देतील.

वर मठात बुवांची थोरली बहीण शेंगा सोलत बसली होती. तिला सगळे अक्काच म्हणत. दिगंबरला तिनं लगेच ओळखलं. त्यानं मौनाबद्दल विचारलं, तशी तिनं कपाळाला हात लावला.

“मौन कसलं डोंबलाचं. शब्द गेले त्याचे.”

गेल्या श्रावणात बुवा आडावर पाणी शेंदताना पडले, तोंड वाकडं झालं. तोंड पुढं सरळ झालं, हातपायही चालायला लागले, पण शब्द आले नाहीत. एखादा सापडतो, एखादा नाही. भाताला भात म्हणता येत नाही. अक्षर ओळखू येत नाही. माणसांची नावं तर साफ धुऊन निघाली, तिचंसुद्धा. डोळ्यांनाही आता अंधुक दिसतं. लोकांना सांगून सांगून अक्काचं तोंड दुखलं, पण त्यांना मौनच हवंय, तर असू दे म्हणाली.

“मला ओळखतील ना?” दिगंबरनं विचारलं.

अक्का शेंगा सोलत राहिली.

बुवा ओट्यावर बसले होते. चाहूल लागताच ते उठले, आणि त्यांनी हात जोडले.

“या... बसा तुम्ही.”

तुम्ही.

अक्कानं आतून ओरडून सांगितलं, अरे, आपला दिगंबर आहे तो. बुवा म्हणाले, हो का, बसा बसा. नाव त्यांच्या कानांवरून वाऱ्यासारखं गेलं. दिगंबर तेव्हाचा किडकिडा पोर राहिला नव्हता. डोक्यावर केस उरले नव्हते, पोट सुटलं होतं, चष्मा लागला होता.

प्रस्तावना त्याच घटकेला मागं पडली. त्याला आता एकच गोष्ट हवी होती. या माणसानं एकदा ‘अरे’ म्हणावं. ‘काय रे’ म्हणून रागवावं, पुस्तक अंगणात भिरकावून द्यावं. पण ‘रे’ म्हणावं.

म्हणून त्यानं नव्या पुस्तकाचे कागद बाहेर काढले होते. बुवांना शब्द आठवले, तर त्यांच्यामागून आपणही आठवू, असा त्याचा हिशेब. एकही शब्द आठवला नाही.

बुवांनी घसा खाकरला.

“ते... द्याल का जरा? ते मातीचं. पोटात गार ठेवतं... सगळ्यांसाठी.”

“माठातलं पाणी?”

“माठ.” बुवांचा चेहरा उजळला. “माठ... माठ.”

दिगंबर पाणी घेऊन आला, तोवर शब्द पुन्हा गेलेला. भांड्याकडे बघून ते नुसते हसले आणि पाणी प्यायले.

हाडाचा मास्तर गप्प बसत नाही. आठवत नाहीत, तर आपण परत शिकवू, असं दिगंबरनं ठरवलं. चष्मा सारखा केला, कागद उचलले आणि वर्गात वाचतात तसं वाचलं.

“स्पष्टीकरण. एखादी गोष्ट स्पष्ट करून सांगणे, म्हणजे स्पष्टीकरण.”

बुवा कान देऊन ऐकत होते. कपाळाला आठ्या घालून त्यांनी ते मनात घोळवलं.

“आणि... स्पष्ट?”

“स्पष्ट म्हणजे...” दिगंबर म्हणाला, “ज्याला स्पष्टीकरण लागत नाही ते.”

...

आत अक्का फिसकन हसली.

दिगंबरचे कान तापले. ही व्याख्या तो आयुष्यभर शिकवत आला होता. पोरांनी ती जशीच्या तशी उतरवली होती आणि त्यानं तिला मार्क दिले होते. ‘आणि स्पष्ट?’ असं आजवर एकानंही विचारलं नव्हतं.

माणूस ओशाळला की आधी चिडतो. त्याच्या तोंडून निघून गेलं, “मग तुम्हीच सांगा ना.”

म्हणाला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. ज्याच्याकडे शब्दच नाहीत त्याला हे म्हणायचं, म्हणजे लंगड्याला पळ म्हणण्यासारखं होतं. पण बुवांना राग आला नाही. त्यांनी थोडा विचार केला. मग उठले, दिगंबरचा हात धरला आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले.

खोलीत मिट्ट काळोख होता. दिगंबर उंबऱ्याला अडखळला, मग कशावर तरी त्याचा गुडघा आपटला. बुवा भिंत चाचपत पुढं गेले आणि त्यांनी खिडकीची फळी ढकलली.

उन्हाचा पट्टा आत आला. खाट दिसली, तिच्यावरची घोंगडी दिसली. गुडघा आपटला होता ते पाण्याचं घंगाळ दिसलं. आणि भिंतीवर, तो शेवटी जिथं सोडून गेला होता तिथंच, फळा दिसला. खाली खडूचे तुकडे. खुंटीवर फडकं, वाळून कडक झालेलं.

“दिसलं तुम्हाला?” बुवांनी विचारलं.

“दिसलं,” दिगंबर म्हणाला. पण त्याचं लक्ष फळ्याकडे होतं.

त्यानं खडू उचलला आणि फळाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दिगंबर. सगळं माहीत असूनही माणूस असं करतो. अक्कानं सांगितलं होतं की अक्षर ओळखू येत नाही. तरी त्याला वाटलं, हे येईल. एवढं एक येईल.

“बुवा, हे वाचा. हा मी आहे.”

बुवा फळ्याजवळ गेले. नाक टेकेल इतके जवळ. त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. त्या पांढऱ्या बोटाकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले आणि मग दिगंबरकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“हे... मला यायला हवं ना?”

दिगंबरला भडभडून आलं. कितीक पोरांना त्यानं उभं करून प्रश्न विचारले होते, गुण कापले होते. पण नापास होणाऱ्याच्या डोळ्यांत त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आपण इथं काय करायला आलो, एवढंही त्याला आता नीट आठवेना. बुवांचे हे हाल थांबवावेत, इतकंच त्याला सुचलं. त्यानं खुंटीवरचं फडकं घेतलं, घंगाळात बुडवलं, पिळलं, आणि फळ्यावरचं आपलं नाव पुसून टाकलं.

फळा काळा झाला. पाण्याचे ओघळ खाली आले.

आणि मग, का कुणास ठाऊक, फडकं हातात आहे म्हणून की काय, सवयीनं तोंडून निघालं.

“शब्द पुसला. आता सांगा.”

बुवा थबकले.

कुठंतरी लांब ओळखीची आरती चालू व्हावी तशी त्यांची मान वर झाली. पाठ ताठ झाली. ते दिगंबरकडे बघत नव्हते. त्या ओल्या, रिकाम्या फळ्याकडे बघत होते.

“काळा,” ते म्हणाले. “बारका. हे असे...” त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या कानांपाशी नेऊन पंख्यासारखे पसरले.

दिगंबर जागच्या जागी थिजला.

“ती घेऊन आली त्याला. डोक्यावर... बांधलेलं. दारात सोडला. ती जाताना वळून वळून बघत होती. हा... नाही. खाली बघत उभा. जमिनीकडे.”

बुवा थांबले. शब्द शोधत राहिले. दिगंबरनं मध्ये तोंड घातलं नाही.

“सगळे मोठं मोठं लिहायचे. तळं... यंत्र... राजा. ह्यानं काय लिहिलं? पेटवायचं. ते... दगडांचं. तीन.”

“चूल,” दिगंबर म्हणाला.

“हां. ती... कशी पेटवायची. आधी राख काढायची. सगळी नाही. थोडी राहू द्यायची खाली, गरम. मग बारीक काटक्या. मग शेण... वाळलेलं. मग...” बुवांनी ओठांचा चंबू केला आणि ते खरंच हळूच फुंकले. “असं. जोरात नाही. जोरात केलं की विझतं. हळू. ती सांगायची त्याला, हळू.”

‘चूल कशी पेटवावी’. दिगंबरनं आयुष्यात लिहिलेला पहिला निबंध. त्यानं तो कुठल्याच पुस्तकात घेतला नव्हता, कुणाला सांगितलाही नव्हता. आई त्याला मठात सोडून गेली त्याच पावसाळ्यात तापानं गेली. निरोप आला, आणि त्यानंतरच्याच दुपारी बुवांनी लिहायला बसवलं होतं. त्या निबंधात ‘आई’ हा शब्द एकदाही आला नव्हता.

“उभं राहून वाचलं त्यानं,” बुवा सांगत होते. “फुंकायचं आलं... आणि थांबला. डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, काय रे? म्हणाला, धूर गेला.”

बुवांनी खोलीभर नजर फिरवली, जणू अजून शोधत होते.

“धूर नव्हता इथं.”

...

“तिचं नाव नाही लिहिलं त्यानं. पण ती होती. बसलेली... तिथं, त्या दगडांपाशी. पोरं बघायला लागली कुठं आहे म्हणून. मी... नंतर खूप लिहून घेतलं पोरांकडून. तसं नाही कुणी लिहिलं.”

दिगंबरचा बांध फुटला. अर्ध्याहून अधिक आयुष्य तो या एका वाक्यासाठी हपापलेला होता, आणि ते इथं, या खोलीत, तो नसताना केव्हाचं पडून होतं. त्यानं बुवांचे दोन्ही हात धरले.

“तो मीच, बुवा. मीच तो. बघा ना माझ्याकडे.”

बुवांनी पाहिलं. अगदी प्रेमानं, निरखून पाहिलं. टक्कल पाहिलं, चष्मा पाहिला, सुटलेलं पोट पाहिलं. आणि समजूत काढावी तशी मान हलवली.

“नाही हो. तो लहान आहे.”

दिगंबरनं त्यांचे हात हळूच सोडले.

“येईल तो,” बुवा म्हणाले. “रुसलाय. मी काहीतरी बोललो त्याला... लागेल असं. काय ते... आता नाही सापडत. पण बोललो. तुम्हाला भेटला कुठं, तर सांगाल का? म्हणावं...”

पुढचं त्यांना जमेना. ते नुसतेच हवेत हात हलवत राहिले. कुणाला तरी जवळ बोलवावं तसे.

“सांगतो,” दिगंबर म्हणाला. “पण तो रागावलेला नाही, बुवा. त्याला कळलंय.”

“कळलं?”

“तुम्ही बोलला होतात ते बरोबर होतं.”

बुवांना हायसं वाटलं असावं. एवढं बोलून ते पार थकले होते. दिगंबरनं त्यांना धरून खाटेवर आडवं केलं, अंगावर घोंगडी घातली, पाय नीट झाकले. बुवा मुकाट्यानं सगळं करून घेत होते. डोळे मिटून पडले.

दारात अक्का येऊन उभी होती. पदर तोंडाला लावलेला. ती कधीपासून तिथं होती कुणास ठाऊक. थोड्या वेळानं तिनं हलकेच विचारलं, शेवटची एसटी आता वळणावर येईल, कागद ओट्यावर उडतायत तुझे, गोळा करून देऊ का.

“उडू दे,” तो म्हणाला.

“आणि गाडी?”

तो उठला नाही. खाटेशेजारी जमिनीवर बसला, पूर्वी पोरं बसायची तसा, मांडी घालून. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, थोडा वेळ थांबला आणि दूर गेला. अक्का आत जाऊन चुलीशी खुडबुड करायला लागली. ओल्या फळ्यावरचं पाणी वाळत आलं होतं. नीट बघितलं तर खडूची पांढुरकी छाया अजून त्याच्यावर दिसत होती, अक्षरं मात्र कुणाला लागली नसती.

बुवा झोपलेत असं त्याला वाटलं. त्यानं घोंगडी जरा वर ओढली, तसा बुवांचा हात बाहेर आला. चाचपत चाचपत तो दिगंबरच्या डोक्यावर येऊन टेकला.

डोळे मिटलेलेच होते.

“तो आला...” बुवा म्हणाले, “की मला उठव रे.”